नायगावची चिंचोक्यांवाली बालवाडी – दीड वर्षाचा अनुभव

आधीच सांगते, लांबलचक आहे, चहा घेऊन बसा. आणि बालवाडीचं नाव लिहीत नाहीये. ती चालवणाऱ्या बाईंना विचारलं होतं की मी तुमच्याबद्दल लिहू का, तर म्हणाल्या, "लिहा की, पण नाव नको हं, फोन उचलायला माणूस नाही माझ्याकडे." एकूण 24 मुलं घेतात, त्यामुळे खरंच गर्दी नकोय त्यांना. दादर स्टेशनवरून पूर्वेला उतरून नायगावकडे चालत आलात आणि जुन्या तीन मजली बिल्डिंगच्या तळमजल्यावर खिडकीत बांगड्या टांगलेल्या दिसल्या की समजा तीच. आसपासच्या कुठल्याही भाजीवालीला विचारलं तरी सांगेल.

आम्ही इथे कसे आलो ते सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. लेकीला तीन पूर्ण झाल्यावर आम्ही तिला एका मोठ्या, एसीवाल्या, भिंतीभर कार्टून रंगवलेल्या प्री-स्कूलमध्ये घातलं होतं (नाव विचारू नका). ओरिएंटेशनला प्रोजेक्टरवर दाखवलं की सहा वर्षांच्या आत मेंदूची 85 टक्क्यांहून जास्त वाढ होऊन जाते. हे खोटं नाही, 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच लिहिलंय तसं. पण त्यांनी त्याचा अर्थ असा लावला होता की बरणीचं झाकण बंद व्हायच्या आत जेवढं कोंबता येईल तेवढं कोंबा. आणि आम्ही दोघं पुढच्या रांगेत बसून मान डोलावत होतो, मी तर वहीत लिहून पण घेतलं.

मग सुरू झालं स्टँडिंग लाइन, स्लीपिंग लाइन, स्लँटिंग लाइन. रोज दोन पानं वर्कशीट, घरून करून आणायचं. साडेतीन वर्षांची पोर, पेन्सिल अशी मुठीत धरायची, ठिपक्यांवरून रेघ नेताना जीभ बाहेर, मनगट थरथरतंय आणि मी शेजारी बसून "अगं लाइनच्या बाहेर नको ना जाऊस". आता आठवलं तरी कसंतरी होतं. घरी पण इंग्लिशमध्येच बोला असं डायरीत लिहून आलं. आमच्या सासूबाई साताऱ्याकडच्या, त्यांनी दोन दिवस "कम कम, इट इट" करून बघितलं आणि मग नातीशी बोलणंच कमी केलं, चूक होईल म्हणून. आणि लेक, जी अडीच वर्षांची असताना खिडकीत बसून कावळ्याशी पण गप्पा मारायची, ती शाळेतून आली की गप्प. सकाळी व्हॅनचा हॉर्न वाजला की बाथरूमच्या दाराआड. "पोटात दुखतंय." दिवाळीनंतर रोजच पोटात दुखायला लागलं तेव्हा डॉक्टरकडे नेलं, त्यांनी पोट तपासलं आणि विचारलं, "शाळेत काय चाललंय हिच्या?"

तर या बालवाडीचा पत्ता नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका ताईंनी दिला. जानेवारीतला एक मंगळवार, मी हाफ डे टाकून गेले. दारात चपलांची रांग, छोट्या छोट्या, जोडीजोडीने लावलेल्या (हे मी आधी बघितलं कारण आमच्या घरात कोणीच लावत नाही). आत एक हॉल, फरशी जुनी पण लखलखीत, एका कोपऱ्यात चार पोरं मटार सोलत बसलेली. खरे मटार. एकजण दाणे वाटीत टाकत होता, एक सरळ तोंडात. बाई जमिनीवर उकिडव्या बसलेल्या, समोर एक मुलगा शर्टाचं बटण लावत होता. मी म्हटलं, मॅडम मी फोन केला होता. त्यांनी वर पण बघितलं नाही, म्हणाल्या, "दोन मिनिटं हं, याचं बटण चाललंय."

दोन नाही, चार मिनिटं लागली. मी घड्याळात बघितलं, कारण मला परत ऑफिस गाठायचं होतं. बाईंनी हात लावला नाही एकदाही. त्याचं बटण भोकाशी यायचं, निसटायचं, परत यायचं, शेवटी गेलं आत तर पोरगा काही बोलला पण नाही, उठला आणि पाणी प्यायला गेला. तेव्हा मला मनात आलं होतं की हे काय, एका बटणाला चार मिनिटं, मी लावलं असतं तर दोन सेकंद. हे प्रामाणिकपणे लिहितेय कारण पुढचे तीन महिने माझं मत साधारण असंच होतं, की माणसं चांगली आहेत पण इथे काही शिकवत नाहीत.

ॲडमिशनच्या वेळी मुलीचा इंटरव्ह्यू नाही, आमचा. प्रश्न असे, स्वतःच्या हाताने जेवते का? चप्पल कोण घालतं? तांब्यातून पाणी ओतू देता का? घरात भांडलात तर कुठल्या भाषेत भांडता? (नवरा म्हणाला मराठीत, मी म्हटलं मी मराठीत, हा गप्प बसतो.) रात्री किती वाजता झोपते? आम्ही साडेअकरा म्हटल्यावर बाईंनी पेन खाली ठेवलं आणि सांगितलं की या वयाला दिवसाची 10 ते 13 तास झोप लागते, आधी ते सुधारा, बाकीचं मी बघते. सरळ तोंडावर. बाई गोड बोलणाऱ्यातल्या नाहीत हे लक्षात ठेवा, काहींना लागतं ते.

पहिले आठ दिवस पालकाने आत बसायचं. हो, आठ दिवस. मी चार आणि नवऱ्याने चार अशा रजा टाकल्या. आणि एक नियम एकदम कडक, चोरून पळायचं नाही. पोर खेळात रमली की हळूच सटकायचं, हे आपल्याकडे सगळेच करतात, आधीच्या शाळेत तर टीचरच खूण करायच्या की जा आता जा. इथे निघताना मुलाला सांगूनच जायचं, मी आता जातेय, डबा खाऊन झाला की येणार. रडली तर रडू दे. बाईंचं म्हणणं, तुम्ही चोरून गेलात की त्या दिवशी रडणं वाचतं, पण मग ती खेळता खेळता दर दोन मिनिटांनी दाराकडे बघत राहते की आता कोण गायब झालं. पाचव्या दिवशी मी असं सांगून थोडा वेळ बाहेर गेले तर लेक रडली जोरात, मी बिल्डिंगच्या जिन्यात उभी राहून रडले. आत मावशींनी तिला उचललं नाही की चॉकलेट दिलं नाही, नुसत्या मांडी घालून शेजारी बसल्या आणि म्हणत राहिल्या, आई गेली ना, वाईट वाटतंय ना. दहाव्या दिवसापासून हिनेच मला "जा गं आता" करायला सुरुवात केली.

आता सामानाबद्दल, कारण बघायला येणारे सगळे आधी तेच बघतात आणि निराश होतात. प्लॅस्टिकचं जवळजवळ काही नाही. चिंचोके, शंख-शिंपले, काचेच्या नाही पण लाखेच्या आणि धातूच्या बांगड्या, वेगवेगळी कुलपं आणि त्यांच्या किल्ल्यांचा जुडगा, नटबोल्ट, कपडे वाळत घालायचे चिमटे, गाळणी, पितळेची छोटी भांडी, एक मोठी परात भरून वाळू. लाकडी दट्ट्यांची पेटी आहे, म्हणजे लाकडाच्या ठोकळ्यात लहानमोठी भोकं आणि ज्याचा दट्टा त्याच भोकात बसतो, चुकलं तर शेवटी एक उरतो आणि पोराला स्वतःलाच कळतं की कुठेतरी गडबड झालीये, बाईंना सांगावं लागत नाही. पॉलिश पेपर कापून पाट्यांवर चिकटवलेली अक्षरं आहेत, त्यावरून बोट फिरवायचं. अडीच वर्षांच्या पोरांना मात्र चिंचोके, मणी देत नाहीत, घशात अडकतात म्हणून, त्यांना बटाटे आणि कांदे वेगळे करायला देतात. माझ्या आईला हे इतकं आवडलं की ती म्हणाली, आमच्याकडे हे फुकट व्हायचं, तुम्ही फी भरून करताय.

पाण्याच्या माठावर भिंतीवर दोन फोटो आहेत, गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक, आपल्याकडे बालशिक्षण रुजवणारी माणसं. मला ताराबाईंचं नाव शाळेत धड्यात वगैरे ऐकल्यासारखं वाटत होतं, बास. बाईंनी एका पालकसभेत सांगितलं तेव्हा कळलं की त्यांनी 1936 साली इथेच दादरला शिशुविहार काढलं. मी जन्मापासून दादरला ये-जा करतेय, फुलं घेतली, लग्नाच्या साड्या घेतल्या, हे कुणी सांगितलं नव्हतं. नंतर 1945 ला त्या डहाणूकडच्या बोर्डीला गेल्या, पुढे 1957 पासून कोसबाडला, बरोबर त्यांच्या सहकारी अनुताई वाघ. तिथल्या आदिवासी पाड्यांवरची मुलं शाळेत येईनात तर यांनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली, अंगणवाडी हा शब्द त्यातलाच. आणि इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ मारिया मॉन्टेसरीबाईंची ती महागडी साधनं गावात कुठून आणणार, म्हणून खडे, शंख-शिंपले, पानं, बिया असं जे हाताशी मिळेल त्यातून काम चालवलं. म्हणजे आमच्या बाईंच्या चिंचोक्यांचं घराणं तिथलं आहे. हल्ली तेच सामान लाकडी डब्यात घालून 'मॉन्टेसरी किट' म्हणून ऑनलाइन काय भावाला विकतात ते बघा एकदा, हसू येईल.

तर तीन महिने झाले आणि माझा धीर सुटला. शेजारच्या मुलाचं एबीसीडी लिहून झालं होतं, आमची पोर घरी येऊन कणीक मागायची. पालकसभेत मी उठून विचारलंच, बाई लिहायला कधी घेणार? मागून दोन-तीन जणांनी "हो हो" केलं, म्हणजे सगळ्यांच्याच मनात होतं पण घंटा बांधायला मी मिळाले.

बाईंनी माझा हात हातात घेतला आणि मनगट दाबून म्हणाल्या, इथे आठ छोटी हाडं आहेत. जन्मल्यावर ही हाडं नसतातच, नुसती कुर्चा (मऊ, लवचीक) असते, मग एकेक करून त्यांचं हाड होत जातं, साडेतीन-चार वर्षांच्या मुलाच्या मनगटात जेमतेम निम्मी झालेली असतात, आठवं व्हायला तर आठ-दहा वर्षं उलटतात. त्या मनगटाला तुम्ही चार इंचाची रेघ सरळ काढायला सांगताय. शिवाय पेन्सिल धरायला बोटं लागतात, बोटांना मनगट लागतं, मनगटाला खांदा लागतो. खांदा झाडावर लोंबकळल्याने तयार होतो, मनगट कपडे पिळून, कणीक मळून, बोटं मटार सोलून, चिमटे लावून. "लिहायलाच तर शिकवतेय मी जानेवारीपासून," म्हणाल्या, "तुम्हाला फक्त पेन्सिल दिसत नाहीये."

मी खाली बसले. पटलं होतं असं नाही, पण बोलायला काही उरलं नव्हतं.

पटलं ते जूनमध्ये, घरी, आणि लिहिण्यावरून नाही तर ताटांवरून. आधीच्या शाळेत ती वन टू फिफ्टी घडाघडा म्हणायची, पाहुण्यांसमोर म्हणून दाखवायची, आम्ही व्हिडिओ पण काढलेत. पण तेव्हा तिला चार पोळ्या आण म्हटलं तर हाताला लागतील तेवढ्या घेऊन यायची. म्हणजे ते आकडे नव्हते, गाणं होतं ते. त्या जूनमध्ये नणंद आली होती जेवायला, लेक ताटं मांडत होती, प्रत्येकासमोर एक ताट, एक वाटी, आणि मग स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "आई एक वाटी कमी आहे, आत्याची." मोजलं नव्हतं तिने एक दोन तीन करून, लावता लावता तिला दिसलं की एक माणूस बिनवाटीचं राहिलं. नंतर कळलं की बालवाडीत रोज डब्याच्या वेळी दोन मुलांची पाळी असते, ताटल्या मांडायची, कमी पडली तर सांगायची, उरली तर परत ठेवायची. हेच त्यांचं गणित. दहाच्या पुढे बाई जातच नाहीत पहिल्या वर्षी, पण दहाच्या आत काहीही विचारा, सहात किती घातले की नऊ, चिंचोके पुढे सरकवून सांगेल.

बोलण्याचं तर मी शब्दात सांगू शकत नाही इतकं बदललं. बाईंची एक सवय आहे, मुलाने काही विचारलं किंवा अर्धवट बोललं की त्या थांबतात. नुसत्या बघत थांबतात. मी एकदा मोजलं, पाच सेकंद. ऐकायला कमी वाटतं पण करून बघा, आपण मोठी माणसं एक सेकंद पण थांबत नाही, वाक्य त्यांच्या तोंडातून ओढून घेतो. मग मूल बोललं की बाई त्याच्याच वाक्याला थोडं जोडून परत देतात. "कावळा गेला." "गेला का, कुठे गेला असेल?" "भाजीवालीकडे." "काय आणायला?" आणि झालं, दहा मिनिटं चालतं हे कॅरम खेळल्यासारखं. सगळं मराठीत, पण वर्गात एक भैय्याचा मुलगा आहे, त्याची आई स्टेशनबाहेर मेंदीचे कोन विकते, तो भोजपुरीत सांगतो आणि बाई त्याच्याशी मोडक्या हिंदीत बोलतात, त्याला गप्प करत नाहीत. आता आमची लेक पण "का हो" करते आणि सासूबाई परत भरात आल्यात, रोज संध्याकाळी एक गोष्ट, भुताची जास्त.

इंग्रजीचं काय हा प्रश्न येणारच, मलाही होता. 2020 च्या धोरणात लहान वयात घरच्या भाषेतून शिकवा असंच म्हटलंय, पण धोरणावर कोण विश्वास ठेवतो, शेजारणीवर ठेवतात. माझा अनुभव एवढाच की जिला मराठीत गोष्ट नीट सांगता यायला लागली, तिने बिल्डिंगमधल्या मुलांकडून इंग्रजी चार महिन्यांत उचललं. खेळताना. चुका करते, करू देत.

एक प्रसंग मुद्दाम लिहिते. मागच्या पावसाळ्यात एका मुलाने हिला चावलं, दंडावर, दात उमटले होते. मी भडकले होते, फोटो काढून पालकांच्या ग्रुपवर टाकायच्या बेतात. (ग्रुप बाईंनी काढलेला नाही, आपला आपण काढलेला, त्यात काय चालतं ते वेगळंच.) बाईंनी मला त्या मुलाचं नाव सांगितलंच नाही. म्हणाल्या, पावणेतीन वर्षांचा आहे, त्याचा ठोकळा हिने घेतला, त्याच्याकडे "माझा आहे" हे शब्द नव्हते, दात होते. त्या वयाची पोरं शेजारी बसून खेळतात, एकमेकांशी खेळत नाहीत अजून, ठोकळा वाटून घेणं त्यांच्या गावीच नसतं. मग मला वाटलं दोघांना सॉरी म्हणायला लावलं असेल, तर ते पण नाही. त्याला ओला रुमाल आणून हिच्या दंडावर धरायला लावला. पंधरा दिवसांनी हिने घरी बाहुलीला ओला रुमाल लावला आणि मला सांगितलं की हिला दाताने लागलंय, पण तो लहान आहे ना. मी फोटो डिलीट केला.

आणि अजून एक, यासाठी मी बाईंना मानते. वर्गातल्या एका मुलाचं बोलणं फार मागे होतं, घरचे म्हणत होते मुलगे उशिराच बोलतात, त्याचे काका पण पाच वर्षांचे झाल्यावर बोलले. बाईंनी काय केलं, तो पाठमोरा खेळत असताना मागून वाटी वाजवली. तो वळला नाही. परत दोन दिवसांनी केलं. मग आईवडिलांना बोलावून सांगितलं, मी डॉक्टर नाही, पण आधी कान तपासून घ्या. कानात पडद्यामागे पाणी साठलं होतं, सर्दीने, महिनोन्‌महिने. उपचार झाले, आता तो वर्गात सगळ्यात मोठ्याने बोलतो, थोडं कमी बोलला तरी चालेल. सीसीटीव्ही ॲपवर हे दिसलं असतं का कुणाला? आधीच्या शाळेचं ॲप होतं माझ्याकडे, फोर्टला डेस्कवर बसून मी रोज बघायचे, सगळी पोरं ओळीत बसलेली, छान दिसायचं.

बाहेर नेणं भरपूर. आठवड्यातून एकदा पाच उद्यानात (माटुंग्याचं फाइव्ह गार्डन), चालत, दोरीच्या गाठी धरून. दोरीला प्रत्येकासाठी एक गाठ आहे आणि गाठ सोडायची नाही. जुलैत मुद्दाम चिखलात नेतात, कपडे खराब होणार, डाग जाणार नाहीत, जुने कपडे पाठवा आणि विषय संपवा. दसऱ्याच्या आधी फुलमार्केटला नेऊन झेंडू आणला, रंगाप्रमाणे लावला, मग माळ ओवली, वेड्यावाकड्या माळा घरोघरी दारावर. बाईंनी भिंतीवर एक कागद लावलाय, जागतिक आरोग्य संघटनेने 2019 ला सांगितलेलं, तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसाला 180 मिनिटं हालचाल हवी, त्यातली 60 चांगली दमवणारी, आणि स्क्रीन एका तासाच्या आत. आमच्या वन बीएचकेमध्ये 180 मिनिटं हालचाल म्हणजे खालच्या काकूंची तक्रार ठरलेली, त्यामुळे ही बालवाडी नसती तर कठीणच होतं. स्क्रीनचं मात्र आम्हाला रविवारी जमत नाही, बाईंना सांगू नका.

आता तक्रारी, कारण नुसतं कौतुक वाचलं की मला स्वतःलाच संशय येतो.

वेळ साडेनऊ ते साडेबारा. बास. दोघं नोकरी करणाऱ्यांनी पुढे काय करायचं याचं उत्तर बाईंकडे नाही, सासूबाई नसत्या तर आम्हाला जमलंच नसतं. सुट्ट्या म्हणाल तर मे पूर्ण, गणपतीत पाच दिवस, दिवाळीत तीन आठवडे, आणि पाणी तुंबलं की आपोआप. दिवाळीनंतर एकदा बाईंच्या पुतण्याचं लग्न म्हणून तीन दिवस बंद, आदल्या दिवशी फळ्यावर खडूने लिहून. फळा नाही वाचला तर तुमची चूक. साडेबाराच्या आधी फोन कोणी उचलत नाही. फी चेकने किंवा रोख, आधीच्या शाळेच्या पाव पण नाही, पण पावती मागून घ्यावी लागते.

बाथरूम एकच, भारतीय पद्धतीचं, स्वच्छ असतं पण 24 पोरांना एक म्हणजे रांग लागते आणि त्या वयात रांगेत थांबणं हा प्रकार नसतो, एक्स्ट्रा चड्डी रोज पाठवा. पावसात खिडकीजवळ गळतं. मोठ्या माणसांचं प्रमाण मात्र चांगलं आहे, बाई, एक ताई आणि मावशी. सरकारच्या 2013 च्या धोरणात तीन ते सहा वयाच्या 20 मुलांमागे एक मोठं माणूस असावं असं आहे, त्या मानाने इथे बरंच बरं. पण ताई टिकत नाहीत, दीड वर्षात तिसरी आलीये, पगार कमी असणार, बाई त्यावर बोलत नाहीत. मला ही सगळ्यात मोठी उणीव वाटते कारण पोरांना माणसाची सवय होते आणि ते माणूस गायब होतं. चोरून पळायचं नाही हा नियम ताईंना पण लावायला हवा होता.

गॅदरिंग नाही. परी, फुलपाखरू, शिवाजी महाराज काही नाही. सासूबाईंना याचं अजून दुःख आहे. बाई म्हणतात महिनाभर मुलांना स्टेजसाठी पिळायचं आणि त्या दिवशी निम्मी स्टेजवर रडणार, त्यापेक्षा येऊन रोजचं बघा. रोजचं बघायला खरंच जाता येतं, कधीही, न सांगता, मागे चटईवर बसायचं, बोलायचं नाही. मी तीनदा गेले. दुसऱ्यांदा झोपले.

मोठ्या शाळेच्या ॲडमिशनचं टेन्शन सगळ्यांना असतं, त्याबद्दल थोडं. पहिलीला 31 डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण हवीत, आमची बसते. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यात प्रवेशासाठी मुलांची चाळणी परीक्षा घ्यायची नाही असं स्पष्ट आहे, पण 'इंटरॅक्शन' नावाखाली काय काय चालतं ते मुंबईकरांना सांगायला नको. आम्ही एके ठिकाणी गेलो तर तिथल्या टीचरने हिला पेन्सिल दिली आणि नाव लिही म्हणाल्या. मी डोळे मिटले. हिने देवनागरीत लिहिलं, मोठ्ठं, पानभर, वेलांटी उलटी, आणि मग टीचरना विचारलं, तुमचं नाव काय, ते पण लिहिते. पेन्सिल तीन बोटांत. कोणी शिकवलं होतं मला माहीत नाही, घरी तरी आम्ही शिकवलं नव्हतं. या वर्षी जूनमध्ये पॉलिश पेपरच्या अक्षरांवरून वाळूत आणि वाळूतून पाटीवर आली एवढंच मला माहितीये. ॲडमिशन मिळाली की नाही ते अजून कळलेलं नाही.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक स्टार ताई टिकत नाहीत आणि फोन उचलत नाहीत म्हणून कापला.

कोणासाठी नाही तेही सांगते. रोज फोटो हवे असतील, संध्याकाळी सहापर्यंत मूल ठेवायचं असेल, कपडे स्वच्छ परत हवे असतील, तर नका जाऊ, उगाच बाईंशी भांडण होईल आणि त्यात तुम्ही जिंकणार नाही. ज्यांना बघायचंय त्यांनी जानेवारीत फॉर्म निघायच्या आत एकदा साडेनऊला जाऊन दारात उभं राहा, आत बटण वगैरे चालू असेल तर हाक मारू नका.

आणि हो, पालकांची पाळी असते, महिन्यातून एक शनिवार सगळी साधनं धुऊन पुसून ठेवायची, हे ॲडमिशनला सांगत नाहीत. या शनिवारी माझी आहे. चिंचोके 200 आहेत, मोजून परत द्यायचे. मागच्या वेळी माझे 197 भरले, तर बाईंनी लेकीला बोलावलं आणि म्हणाल्या, जा, आईला मोजायला मदत कर.